पांढरी फीत

मार्लीनने टेबलावरून पांढरी फीत पुढे सरकवली, तेव्हा डोरीनला वाटलं, ही बया आज चष्मा घरी विसरली.

"अगं, हिरवी दे. वॉल्टरच्या घरची हिरवी."

"तुला पांढरीच आहे, डोरीन." मार्लीनने यादीत खूण केली. मान काही वर केली नाही.

टेलफर घराण्याचं संमेलन दर पाच वर्षांनी जुलैत गावच्या हॉलमध्ये भरतं. मूळपुरुष अ‍ॅडम टेलफरला पाच मुलगे, म्हणून पाच रंग; हिरवा वॉल्टरचा. छातीवरची फीत बघायची, कोण कुणाच्या वंशातला ते कळतं. परवा लग्न होऊन आलेल्या सुनेलासुद्धा नवऱ्याचा रंग मिळतो. पांढरी फक्त पाहुण्यांना. आणि ही सगळी वंशावळ कुणी उभी केली? डोरीनने. सव्वीस वर्षं चर्चच्या वह्या उपसल्या, थडग्यांवरचं शेवाळ खरवडलं, बहिऱ्या म्हाताऱ्यांच्या कानात ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. आज तिचं पुस्तक निघायचं होतं. हिरव्या फितीची आता ती एकटीच उरली होती.

मग तिला आठवलं. मार्चमधली गोष्ट. एका जहाजाच्या यादीत तिला तिचे आजोबा सापडले होते. अर्नेस्ट, वय नऊ, इंग्लंडातल्या अनाथाश्रमातून शेतकामासाठी समुद्रापार रवाना, मालक वॉल्टर टेलफर. वॉल्टरला मूलबाळ नव्हतं. पोराला त्याने आपलं नाव दिलं, पुढे जमीनही दिली. डोरीनने हे एकाच माणसाला सांगितलं होतं, मार्लीनला, तिच्याच स्वयंपाकघरात बसून, रडत. मार्लीन लांबची चुलतबहीण असली तरी पाठच्या बहिणीसारखी. मार्लीनने तिचा हात हातात धरून सांगितलं होतं, "हे ह्या दाराबाहेर जायचं नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"कमिटीला. सांगावंच लागलं गं, पुस्तक छापायला चाललं होतं." आता कुठे मार्लीनने वर पाहिलं. "तूच म्हणायचीस ना, कागद दाखवेल तेवढंच खरं? क्लॅरेन्सकाका पूर्वज म्हणून मिरवायचा तो स्कॉटलंडचा सरदार कसा खोडलास तू! बिचारा वर्षभर तुझ्याशी बोलला नाही. मग आता नियम तुला वेगळा?"

डोरीनने टेबलावरच्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक ओढलं. वॉल्टरच्या नावापुढे छापलं होतं : निपुत्रिक. अर्नेस्ट थेट शेवटच्या पानावर होता, 'शेतावर राबलेली माणसं' ह्या मथळ्याखाली, एक सुतार आणि एक घोडे सांभाळणारा यांच्यामध्ये. ज्या माणसाने साठ वर्षं ती जमीन कसली, वॉल्टर अंथरुणाला खिळल्यावर दोन हिवाळे त्याला उचलून न्हाऊ घातलं, तो गडी. आणि वॉल्टर निपुत्रिक.

"केसाने गळा कापलास, मार्लीन."

"झालं! लगेच मनाला लावून घ्यायचं. अगं, तुला कुणी जेवायला नको म्हणतंय का? बटाट्याचं सॅलड आणलंयस ना? ठेव की तिकडे अ‍ॅपल-पायच्या शेजारी."

मागे रांग खोळंबली होती. फर्निचरच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला हार्वे क्रूगर नातीला घेऊन पुढे घुसला. शेतावरचे टेलफर आणि कारखान्यातले क्रूगर यांच्यात चार पिढ्या इतकी साटीलोटी झाली होती की त्यांची त्यांनाच नाती लागत नसत.

"डोरीन, आम्ही लाल की निळे? दर वेळी घोळ होतो बघ."

"तुझी आई लाल, तुझ्या वडिलांची आई निळी. दोन्ही लाव."

"काय डोकं आहे बाईचं! हा गुंता तुझ्याशिवाय..." एवढं म्हणताना हार्वेची नजर तिच्या हातातल्या पांढऱ्या फितीवर गेली. त्याने घसा खाकरला. मग नातीला फार तहान लागल्याचं त्याला एकदम आठवलं.

डोरीनला तेव्हा कळलं की हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला घरी जायचं होतं. पण गाडी दहा गाड्यांच्या मागे अडकली होती, आणि सत्तरीच्या बाईने सगळ्यांना गाड्या हलवायला लावून रडत निघून जायचं, तेही तिला जमेना. सॅलड तिने नेऊन ठेवलं. फीत लावली नाही, पर्समध्ये टाकली.

जेवणं झाल्यावर हॉलच्या पायऱ्यांवर फोटोसाठी गर्दी जमली. दीडशे माणसं, पोरंटोरं, दोन चाकाच्या खुर्च्या. "पाहुण्यांपैकी कुणीतरी कॅमेरा धरा!" कमिटीतला कुणीतरी ओरडला.

"डोरीन, तू काढ ना," पुढच्या ओळीतून मार्लीन म्हणाली. "तुझा हात स्थिर आहे."

त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट दोघांनी मान डोलावली, कुणीतरी तिच्या हातात कॅमेरा आणूनही दिला. डोरीनचा संताप असा उसळला की कॅमेरा गवतात भिरकावून द्यावासा वाटला. तिने तो डोळ्याला लावला.

निळे, लाल, पिवळे, जांभळे. एकेक चेहरा तिच्या ओळखीचा. कुणाची हनुवटी कुठल्या आजीकडून आली, कोणत्या तिघांना अ‍ॅडमचे कान मिळाले, कोण कुणाशी का बोलत नाही, सगळं. सगळे दात दाखवून तिच्याकडे बघत होते.

"सगळे आले का गं त्यात?" मार्लीनने विचारलं.

"नाही," डोरीन म्हणाली, आणि बटण दाबलं.