उन्हाळ्यातला गिझर

मैंदर्गीच्या जुन्या घरात अभिमन्यूनं हौसेनं मोठ्या टाकीचा गिझर बसवला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, तोंड वाकडं केलं होतं. "जन्मभर गार पाण्यानं आंघोळ केली. आता कशाला ही थेरं?" अख्खा हिवाळा त्यांनी गिझरच्या बटणाला हात लावला नाही.

आणि आता ऐन मे महिन्यात फोनवर एकच घोषा, "लेका, तुजा गिझर लई कामाचा निघाला बघ! रोज दोनदा आंघोळ करतूय."

अंगाची लाही होत असताना म्हातारा गिझर वापरतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, या धास्तीनं अभिमन्यू भर दुपारी सोलापुरातून मोटरसायकल दामटत घरी आला. घामाघूम होऊन थेट न्हाणीघरात शिरला, साध्या नळाखाली तांब्या भरला, अंगावर ओतला आणि बोंबललाच. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हानं नुसतं उकळत होतं.

दाराबाहेर हिंदुरावांना हसू आवरेना.

"अरं खुळ्या, त्यो नळ न्हाय! बटण बंद ठिवून रातीचं गार पाणी भरलंय, गार पायजे तर गिझरचा नळ सोड की!"