तळाशी

सुरी अडली.

"केळ्यात खडा?" स्वयंपाकीण नालोंगो म्हणाली आणि तो काळा दाणा तिनं सालींच्या ढिगात भिरकावला.

दारात नासूना. विद्यापीठाच्या केळी-संशोधनातली मदतनीस. काखेत वही. वहीत:

केळफुलं, पहाटे शिडीवर चढून, रानकेळीचा पराग हातानं लावलेली – ५१२.
चिरून पाहिलेले घड – ५११.
बिया – ०.

उरलेला एक घड तिनं चिठ्ठी लावून पिकायला टांगला होता. त्यातही शून्य निघालं, तर आज दुपारी डॉक्टर लुबेगा प्रयोग गुंडाळणार होते.

तो घड निम्मा सोलून पातेल्यात होता.

"नालोंगो! चिठ्ठी नाही दिसली?"

"दिसली. मटोके पिकून वाया चाललंय तेही दिसलं. पुस्तकं वाचता ना ग तुम्ही? शिजवायचं हिरवं केळं कुणी पिकू देतं?"

नासूना ऐकत नव्हती. ती खाली बसून सालींत हात घालत होती.

"अग बाई! शेवटी टेकलेस गुडघे माझ्यापुढं. मोठ्यांना असाच नमस्कार करायचा असतो; एरवी नुसता हात हलवून जातेस."

सापडला. खडा नव्हता. बी!

मग दोघींनी मिळून उरलेलं प्रत्येक केळं चिरलं. पातेल्यातलंसुद्धा. चीक कोपरापर्यंत.

आणखी एक.

आणखी एक!

नासूनानं चहाचा पेला पाण्यानं भरला.

"हे ठाऊक आहे मला," नालोंगो पुढं सरसावली. जुळ्यांची आई, म्हणून तिला सगळे नालोंगोच म्हणत. "माझ्या दोघांच्या नाळा अशाच पाण्यात सोडल्या होत्या. सासू डोळे वटारून बसलेली. तरंगल्या! म्हणजे पोरं घराण्याचीच. बस म्हटलं आता गप."

पहिलं बी. तरंगलं.

नालोंगोनं जीभ हलवून लांबलचक किलकारी दिली.

"पोकळ आहे," नासूना म्हणाली.

दुसरं. तरंगलं. दुसरी किलकारी, पहिलीहून मोठी. नासूनानं वही मिटली.

तिसरं.

पाण्यावर क्षणभर थांबलं. मग सरळ खाली. तळाशी टेकलं.

नालोंगोचा चेहरा उतरला. तिनं हळूच दार लोटलं.

"जाऊ दे ग. होतं असं एखाद्या घरात. आपण कुणाला सांगायचं नाही."

नासूना किंचाळली. "भरलंय! नालोंगो, आत जीव आहे! बुडतं तेच जगतं!" तिनं चिकट हातांनीच तिला मिठी मारली, गरागरा फिरवलं. पातेलं कलंडलं. कुणी उचललं नाही.

मग चिठ्ठी. अक्षर वेडंवाकडं.

बी क्र. १. आई: मटोके, झाड ५१२. बाप: रानकेळ.

नालोंगो खांद्यावरून वाचत होती.

"बुडालं तरी बापाचं नाव लावलंस?"

"लावलं."

नालोंगो पेल्याकडं बघत राहिली. वर दोन तरंगत होती. तळाशी एक.

"मग नंबर कसला देतेस पोराला? जुळ्यांच्या पाठचं आहे. अशा पोराचं नाव किझ्झाच असतं. किझ्झा लिही."

नासूनानं 'क्र. १' खोडलं.