शेवटच्या गाण्याचा आवाज

वसंतची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या मनोजने स्टुडिओत शेवटचं गाणं लावलं. गिटार सुरू झाली, मागून ढोलकीचा हलका ठेका आला आणि मग गाण्याच्या जागी नुसतीच मोकळी जागा. गाणारं कुणी नव्हतंच.

"आवाज कुठे आहे?" ताराने विचारलं.

"ह्या गाण्याचा आवाज अकोल्यात हाये, असं वसंतभाऊ म्हणत," मनोज म्हणाला. "नाताळाच्या आधी तिथं जाऊन रेकॉर्ड करणार होते. त्याच्या आतच गेले."

वसंत, तिचा नवरा, दसऱ्याच्या सुमारास बसल्या जागी गेला होता. कुठल्या कंपनीच्या दारात न जाता त्याने आयुष्यभर आपली गाणी आपणच केली. वऱ्हाडी बोली, गिटार आणि ढोलकी. गाणी इंटरनेटवर टाकायची, ऐकणारे ऐकतील. अलीकडे मात्र तो एकाच कामाला लागला होता, नाताळच्या गाण्यांच्या संग्रहाला. त्याच्या गाण्यांत बाळ जन्मायचं ते गोठ्यातल्या कडब्यावर, आणि संत्र्याच्या बागेतले राखणदार कंदील घेऊन त्याला बघायला यायचे. भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे कुठून सुचलं, असं अमरावतीतले लोक विचारत. तो हसून विषय बदलायचा.

तारालाही ते कधी कळलं नाही. तिला तर नाताळ नकोसाच वाटायचा. तिचं एकुलतं मूल त्याच दिवसांत गेलं होतं, जन्मताच. पंधरा-सोळा वर्षं झाली. ती स्वतःच तेव्हा जगते की मरते अशा अवस्थेत होती. शुद्धीवर आली तेव्हा वसंत उशाशी बसला होता. त्याने नुसती मान हलवली. मुलगी होती, एवढंच तिला समजलं. तोंड बघायलाही मिळालं नाही. पुढे पुन्हा कूस उजवली नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत वसंत दरवर्षी तिला एकटीला टाकून अकोल्याला जायचा. कार्यक्रम आहे म्हणायचा. एकदा त्याच्या बॅगेत तिला लहान मुलीचा स्वेटर सापडला. ओळखीच्यांच्या पोरीसाठी घेतलाय, तो म्हणाला. ताराने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

आता मात्र तिने मनोजकडून पत्ता मागून घेतला. मनोज एकदाच तिथे गेला होता, आणि तेव्हाही वसंतने त्याला फाटकाबाहेरच थांबवलं होतं. सोबत येतो म्हणाला, तर ताराने नको म्हटलं. रेकॉर्डर पर्समध्ये टाकला आणि सकाळची बस धरली.

वाटेतलं मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत ती एकाच विचारात होती. कशी असेल ती बाई? गाणारी असेल. वयाने लहान असेल. आपण कोण हे तिला आधी सांगायचं नाही, एवढं ताराने ठरवून टाकलं.

पत्ता निघाला तो अपंग मुलांच्या आश्रमाचा. व्हरांड्यात कागदी चांदण्या टांगायचं काम चाललं होतं. ते सोडून पार्बताबाई पुढे आल्या. आश्रमातल्या सगळ्यात जुन्या त्याच. ताराने सांगितलं, मी अमरावतीच्या स्टुडिओतून आले, वसंतरावांचं एक गाणं राहिलंय. पार्बताबाईंनी पदराने डोळे टिपले. साहेब गेल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं, म्हणाल्या. वर्षातून कितीदा तरी यायचे, दिवस दिवस बसायचे. नाताळचं नवं गाणं आधी इथे म्हणायचे, मग जगाला ऐकवायचे.

"ते गाणाऱ्या बाई कुठे भेटतील?" ताराने विचारलं.

"बाई कोनी नाही. या, दाखवतो."

आतल्या खोलीत खिडकीशी चाकाच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. दहा-अकराची असेल. पाय काडीसारखे. डोळे उघडे, पण नजर नव्हती. हिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही, पार्बताबाई हळू आवाजात म्हणाल्या. रोज वाट बघते.

ताराने फोनवर त्या गाण्याची गिटार लावली. मुलीने मान वळवली. मोकळी जागा आली आणि ती गाऊ लागली. शब्द नव्हते, तिला ते येत नसावेत. नुसतं गुणगुणणं, पण एकही सूर हलला नाही. ताराने रेकॉर्डर तिच्याजवळ धरला.

गाणं संपलं.

"कोण ही?"

"साहेबाची लेक."

तारा शेजारच्या खाटेवर बसली. म्हणजे खरंच होतं. इकडे आपण रिकाम्या कुशीचं दुःख करत होतो आणि चार-पाच वर्षांत त्याने तिकडे दुसरा संसार मांडला. वर त्या लेकरालाही इथे आणून टाकलं. बसमध्ये जमवलेला सगळा राग तिने आठवून पाहिला. पण मुलगी हाताने हवेत काहीतरी चाचपत होती. ताराने आपला हात पुढे केला. मुलीने तिच्या बांगड्या चाचपल्या, बोटं मुठीत घट्ट धरली आणि सोडेचना.

मग ताराने ज्याच्यासाठी ती आली होती ते विचारलं.

"हिची आई कुठे असते?"

पार्बताबाईंनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला.

"माय कुठची, बाई. पोट्टी दिसते एवढीशी, पन सोळाची हाये. डॉक्टरनं आठ दिवसबी जगनार नाही म्हून सांगतलं होतं. साहेब अमरावतीच्या दवाखान्यातून एकटेच हिले घेऊन आले, नाताळाच्या आदल्या दिवशी. माय बाळंतपनातच गेली म्हनत. तारा नाव होतं तिचं."