सहा मिनिटांचे भाग

कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा तिने घड्याळ पाहिलं. पहिल्या खेपेला तो साडेतीन मिनिटं चालला होता, दुसऱ्या खेपेला दोन, आता जेमतेम एक.

"गेला?" खुर्चीतल्या ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"गेला. पण शिस्तीत जातोय."

ऑपरेटरबाई एका इस्पितळाच्या टेलिफोनवर बसत. त्यांना दिसत नव्हतं. सोमवारी त्यांची खात्याची परीक्षा होती आणि त्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक तिचे बाबा त्यांच्यासाठी वाचून याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत होते. तेरा प्रकरणं त्यांच्याकडे पोचली होती. चौदावं, शेवटचं, बाकी होतं. बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते आणि त्यातलं किती वाचून झालंय ते या खोक्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

आत्या दारात उभी होती. तिचं मत पडलं की मेकॅनिकला बोलवावं. नऊ वर्षांचं यंत्र, त्याचा माणूस गेला, आता तेही रुसलंय.

"यंत्रं रुसत नाहीत, आत्या. तापतात."

ती दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायची. भोवती माणसं चेहरे पाडून उभी राहतात, याची तिला सवय होती. वायर ढिली असती तर तो कधीही बंद पडला असता, अशी उतरत्या भाजणीने मिनिटं मोजली नसती. दर वेळी कमी टिकतोय, म्हणजे आधीची उष्णता आत शिल्लक राहतेय. तिने प्लग काढला, बाजूचं झाकण आवळून बसवलेले चार स्क्रू सोडवले आणि टेबललॅम्प खाली ओढला.

आत धुळीचा कण नव्हता. तिने प्लग लावून बटण दाबलं. मागचा पंखा फिरायला लागला, मधला, प्रोसेसरवरचा, जागचा हलला नाही. जळला असेल म्हणून तिने त्याची वायर बोटाने चाचपत नेली. वायर कुठेच जोडलेली नव्हती. नीट गुंडाळून, पांढऱ्या दोऱ्याने कडेला बांधलेली होती. एका ओढीत सुटेल अशी सुरगाठ.

"हे कुणी काढलं?"

आत्याने हात वर केले. लोक भेटायला येणार होते, त्यांच्यासमोर यंत्र पोट उघडं टाकून बसलेलं बरं दिसलं नसतं, म्हणून तिने पलंगाखालचं झाकण शोधून लावलं होतं, एवढंच. "वायरीला बोट नाही लावलं. दादाने घर डोक्यावर घेतलं असतं."

तिने गाठ ओढली, वायर जागेवर बसवली. पंखा घरघरत सुरू झाला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आत्या आत जाऊन पाणी घेऊन आली.

चौदाव्या प्रकरणाच्या सहा फायली होत्या. एकही सहा मिनिटांच्या वर नव्हती. तिने पहिली लावली. बाबांचा आवाज आला, स्वच्छ, आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं. घरघर नाही, गुणगुण नाही.

"त्यांच्या फायलीत पंखा नसायचाच," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "बाकीच्यांच्या फायली ऐकताना चक्कीत बसल्यासारखं वाटतं. मी एकदा बोलले होते त्यांना."

तिचा हात माऊसवर तसाच राहिला. झाकण उघडंच ठेवायचं म्हणजे यंत्र जरा जास्त तग धरतं, वाचायच्या आधी वायर काढायची, सहा मिनिटं वाचायचं, वायर परत लावायची आणि यंत्र थंड होईपर्यंत उठून फिरून यायचं.

आत्याच्याही ते ध्यानात आलं. "म्हणजे तो सारखा उठून बाहेर यायचा, ते..."

"हो."

सगळ्यांनी त्याचा संबंध वयाशी जोडला होता. तिनेच त्यांना लघवीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, लिटरभर पाणी पाजून सोनोग्राफी करून घेतली होती. बाबा निमूटपणे पाणी प्यायले होते. रिपोर्ट चांगला आला तेव्हा तिनेच त्यांना, मग का हो उठता सारखे, म्हणून दटावलं होतं. त्यांनी सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात तिने नवा कॉम्प्युटर आणून ठेवला असता. पुस्तक मध्येच थांबवायला बाबा तयार नव्हते, की हा कॉम्प्युटर सोडायला, ते आता विचारता येणार नव्हतं.

सहावी फाईल एका परिच्छेदाच्या शेवटी थांबली. पुस्तकात पुढे अकरा पानं उरली होती.

ऑपरेटरबाईंनी घसा साफ केला. फोनवर रेकॉर्ड करून दिलंत तरी चालेल, नाहीतर इथे थोडा पंखा ऐकू आला म्हणून बिघडत नाही, मला काही पहिलं यायचं नाहीये, पास व्हायचंय, असं त्या म्हणाल्या. तोपर्यंत तिने खिडकी लावून घेतली होती आणि आत्याला स्वयंपाकघरातला नळ बंद करायला सांगितलं होतं. पुस्तक उघडून तिने माईक जवळ ओढला, खाली वाकली, वायर काढली आणि दोऱ्याने कडेला बांधली. घरघर थांबली.

"ताई, एक सांगू?" ऑपरेटरबाई हळूच म्हणाल्या. "वाचणारा मध्येच बदलला तर आधी तसं सांगायचं असतं. नाहीतर ऐकणारा गोंधळतो, आपली काही फाईल चुकली का म्हणून."

तिने मान हलवली, मग त्यांना ती दिसत नाही हे लक्षात येऊन "बरं" म्हणाली. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

"प्रकरण चौदा, भाग सात," ती म्हणाली. एक श्वास घेतला. "इथून पुढे वाचक बदलला आहे."

आवाज स्थिर होता. तिने घड्याळाकडे पाहिलं. सहातली साडेपाच मिनिटं अजून हातात होती. ती वाचू लागली.