कानाची पाळी

“ही चालही त्यांचीच बरं का!” निवेदिका म्हणाली आणि टाळ्या पडल्या. वरातीत ट्रम्पेट वाजवणाऱ्या दिगंबरचा हा पहिलाच एकट्याचा कार्यक्रम. चाली आपल्याच आहेत, असं तिला त्यानेच सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्या सोनगीरकरबुवांच्या कीर्तनांतून उचललेल्या.

आणि बुवा पहिल्याच रांगेत! मध्यंतरात त्यांनी दिगंबरच्या कपाळाला बुक्का लावला. “माझा गळा गेला रे पोरा,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पण तुझ्या पितळेत चाली वाचल्या.”

बुवा रागावले असते तर बरं झालं असतं.

पडदा वर जाताच दिगंबरने ट्रम्पेट खाली ठेवलं, माइकपुढे कानाची पाळी धरली आणि गुरू म्हणून बुवांचं नाव घेतलं.

समोर बुवांनीही हळूच आपली पाळी धरली. त्यांचेही गुरू होतेच की.