नखावरचा चंदेरी ठिपका

"खिडक्यांची ही चंदेरी किनार कोण रंगवतं हो?" छोट्या मॉडेल गाड्यांच्या प्रदर्शनात आमची तळहाताएवढी अँबॅसॅडर उचलून परीक्षकबाईंनी विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"मीच. दुसरं कोण?" हे हसून म्हणाले. "हिला तर रंगाचा वाससुद्धा सहन होत नाही."

यांचा हात थरथरायला लागला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून गाडीचं बाकी सगळं हे करतात, पण खिडक्यांची किनार मी रंगवते. केसाएवढी रेघ, श्वास रोखून. ब्रश आधी अंगठ्याच्या नखावर टेकवायचा, जादा रंग तिथे सोडायचा, मगच गाडीला लावायचा. आत्ताही माझ्या नखावर सकाळचा चंदेरी ठिपका होता.

"मग टेबलावरच्या या अर्धवट गाडीची एक खिडकी करून दाखवा ना," बाई म्हणाल्या. भोवती माणसं जमली.

यांनी माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं शेजारी बसून चहा पिणाऱ्या या माणसाने माझ्या नखाकडे एकदाही पाहिलेलं नव्हतं. यांनी रंगात बुडवलेला ब्रश थेट खिडकीवर टेकवला आणि थेंब काचभर पसरला.

"अगं, पूस ना पटकन!"

रंग पुसायची थिनरची चिंधी माझ्या पर्समध्येच होती. मी पर्सची चेन लावून टाकली.