कापलेला ‘नाही’

चहाचा कप टेबलावर ठेवून ऑफिसात चहा देणाऱ्या अनसूयामावशींनी आपला मोबाइल हेमांगीपुढे धरला. त्यांच्या लेकीचा वसतिगृहाचा अर्ज रद्द झाला होता आणि मुदत कालच संपली होती.

“अर्ज भरताना मधेच फोन आला, ताई. नंतर बघते तर दोन बटणं. दोन्हींवर एकच वाचलं मी, ‘अर्ज रद्द करायचा’. मग एक दाबलं.”

हेमांगीनं ॲप उघडून पाहिलं. बटणांचा तो साचा तिनंच बनवला होता, कंपनीच्या सगळ्या ॲप्समध्ये तोच चालावा म्हणून. चाचणी बटणांवर ‘येस’, ‘नो’ असे छोटे इंग्रजी शब्द लिहून झाली होती. ‘मराठीत तपासलं’ या चौकटीत तिनं न तपासताच बरोबरची खूण केली होती. दुसऱ्या बटणावर ‘अर्ज रद्द करायचा नाही’ असं होतं. जागा पुरली नाही आणि शेवटचा ‘नाही’ कापला गेला.

“साक्षरता वर्गाला जाते ना, वाटलं, वाचता येतं आता,” मावशी म्हणाल्या. “कसलं काय. उद्यापासून जात नाही.”

“तुम्ही बरोबर वाचलंत, मावशी. चूक माझी आहे. मी तपासलंच नव्हतं.”

मावशींनी रिकामा ट्रे उचलला. “माझ्यासाठी खोटं कशाला बोलता, ताई?”